पीठ घरचं, पाणी परगावचं

परभणीच्या लॉजमधल्या त्या खोलीत चमचा नव्हता. स्टीलचा एक ग्लास होता, जगच्या तोंडावर टोपीसारखा पालथा घातलेला, आणि जगमधलं पाणी दिवसभराच्या उन्हानं कोमट झालेलं. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. खालच्या खानावळीत खुर्च्या टेबलांवर चढल्या होत्या आणि पोऱ्या फरशीवर पाणी मारत होता. मी बॅगेच्या तळाशी हात घातला, शालीच्या घडीत जपून ठेवलेली पुडी काढली, तोंड उघडलं. ट्यूबलाइटच्या उजेडात पिठाचा एक धुरळा उठला, क्षणभर हवेत थबकला, आणि त्याच्या मागोमाग भाजलेल्या गव्हाचा, वेलदोड्याचा, थोडा सुंठेचा असा एक वास आला, की त्या खोलीचा हिरवा ऑइलपेंट, कोळ्याचं जाळं, खिडकीबाहेर अडखळत चालणारा जनरेटर, सगळं एक पाऊल मागे सरकलं.

मग मी टूथब्रशच्या दांडीनं जेवण कालवलं.

कामानिमित्त महिन्यातले दहा-बारा दिवस मी घराबाहेर असते. शिक्षकांची प्रशिक्षणं, आज लातूर, परवा चंद्रपूर. चाळिशीपर्यंत पोटानं काही तक्रार केली नाही; स्टँडवरची मिसळ, धाब्यावरची लाल तर्री, सगळं त्यानं निमूट घेतलं. पुढे त्याचं बिनसलं. डॉक्टरीणबाईंनी रात्रीच्या जेवणाऐवजी पावडर लिहून दिली. मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यावर व्हॅनिलाचं फूल, आणि आत कुठंतरी खोल गाडला गेलेला तो मापाचा चमचा. तो नेहमी तळाशीच का असतो, हे मला अजून कळलेलं नाही. कोपरापर्यंत हात घालून त्याला बाहेर ओढायचं आणि मग ड्रेसच्या बाहीवर व्हॅनिलाची पांढरी बांगडी घेऊन दिवसभर हिंडायचं. त्या पावडरीला चव होती, पण गाव नव्हतं. दोन महिन्यांनी मी तिचं बोट सोडलं आणि आजीच्या सातूच्या पिठाकडे परत आले. डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं, मग प्रमाण विचारलं, मग म्हणाल्या, चालेल, पण दूध मिळालं तर दुधातून घ्या.

सातू म्हणजे खरं तर जव. पण आमच्याकडच्या सातूच्या पिठात जवाचा दाणाही नसायचा. गहू आणि डाळं, इतकंच. नाव राहिलं, धान्य बदललं. आजी गव्हाला पाण्याचा हात लावून ते फडक्यात बांधून ठेवी, मग उखळात हलक्या हातानं कांडी, कोंडा सुटला की सुपात घेऊन पाखडी. त्या पाखडण्याला एक लय होती: दोनदा उडवायचं, एकदा सरकवायचं. कोंडा उडून तिच्या केसांत, भुवयांत बसे आणि ती अचानक आणखी म्हातारी दिसे. मग उन्हात सुकवणं, मग लोखंडी कढईत भाजणं. भाजताना तिच्याशी बोलायचं नाही. गव्हाचा रंग कधी बदलतो ते डोळ्यांना उशिरा कळतं, नाकाला आधी, आणि बोलणाऱ्या माणसाचं नाक झोपलेलं असतं, असं तिचं म्हणणं. दळण गिरणीतून आलं की सपिटाच्या चाळणीतून चाळून ते पितळेच्या डब्यात भरायचं. चाळणीखाली पडणाऱ्या पिठाला आवाज नसतो. तरी मी कान देऊन बसत असे.

फार पुढे, कॉलेजात असताना, एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांच्या तोंडून ऐकलं, की ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, एकाहत्तराव्या सूक्तात, शहाण्या माणसांच्या वाणीला चाळणीतून चाळलेल्या सातूची उपमा दिली आहे. वर्गातले बाकीचे वहीत लिहून घेत होते. मला मात्र एकदम आजीच्या पांढऱ्या भुवया दिसल्या. ज्या कुणाला ही उपमा सुचली, त्यानं कधीतरी घरातल्या बाईच्या शेजारी बसून चाळणी हलताना पाहिली असणार. निदान तिनं हाक मारल्यावर चाळणी आणून तरी दिली असणार.

कालवणं ही मात्र वेगळीच विद्या. पिठाच्या ढिगावर भसकन पाणी ओतलं की वरचे कण आधी भिजतात, फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि आतल्या कोरड्याभोवती ओली भिंत उभी करतात. मग तुम्ही कितीही पाणी घाला, कितीही ढवळा, ते आत शिरत नाही. गुठळी वरून गुळगुळीत, चकचकीत दिसते. दाताखाली फुटते तेव्हा आतून कोरडं पीठ निघतं आणि ठसका लागतो. आजी आधी चमचाभरच पाणी घाली, बोटांनी रगडून पीठ लगद्यासारखं घट्ट करी, त्यात किसलेला गूळ मळी, आणि मगच पातळ करीत जाई. "पातळात गुठळी पळते," ती म्हणे, "घट्टात सापडते." परभणीच्या त्या रात्री टूथब्रशच्या दांडीनं मी तेच केलं. घट्टात पकडली. एक मात्र निसटली, आणि तिच्या आत एवढंसं कोरडं घर तसंच्या तसं सापडलं.

लहानपणी मे महिन्यात आम्ही मुंबईहून चिपळूणजवळच्या गावी जायचो. आजी, मी आणि लाल यष्टी. गाडी सुटण्याआधी आजीच्या पिशवीची मांडणी ठरलेली असे: तळाशी पातळ, त्यावर दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, त्यावर सातूच्या पिठाचा डबा, गुळाचा खडा फडक्यात, आणि मांडीशी धरून ठेवलेला पितळी फिरकीचा तांब्या. आता जिमला जाणाऱ्या पोरांच्या हातात शेकर दिसतात, त्यांचा हा थोरला चुलता. गळ्याशी आटे पाडलेले, झाकण फिरवून घट्ट बसवायचं, आणि झाकणच उलटं धरलं की पाणी प्यायला वाटी. ह्या सगळ्या मांडणीमागे सोवळं होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. भाजलेलं कोरडं पीठ खरकटं नाही, दुधातली दशमी चालते, पण पाणी लागलं की प्रश्न सुरू: कुठलं पाणी, कुणाच्या विहिरीचं, कुणाच्या हातचं. म्हणून पिठाबरोबर पाणीही घरचंच. मुंबईच्या नळाचं पाणी, तांब्यात बंद होऊन, बारा तास आमच्याबरोबर प्रवास करी. तेच पाणी नळातून शेजारच्या चाळीतही येतं, आणि तिथं कोण राहतं, हा हिशेब आजीनं कधी घातला नाही. सोवळ्याला अशा जागी डुलकी लागते.

एका वर्षी झाकणाचा एक आटा घसरला होता. कुठल्याशा वळणावर तांब्या आडवा झाला, बाकाखाली गेला, आणि महाडला गाडी थांबली तेव्हा आजीनं तो वर उचलला तर हाताला हलका लागला. तिनं तो कानाशी धरून हलवला. काहीच वाजलं नाही.

ऊन असं, की स्टँडच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. मला भूक लागली होती, आणि आठ वर्षांच्या भुकेला सोवळं कळत नाही. मी रडायला लागले. आजीनं वाटीत पीठ काढलं होतं, गूळ फोडला होता, आणि ती वाटी हातात घेऊन नुसती बसली होती. पीठ कोरडं. तिचे ओठही कोरडे. खिडकीखाली करवंदं विकणारी एक बाई होती, पानांचे द्रोण मांडून बसलेली, शेजारी तिचा स्वतःचा पाण्याचा कळशा, तोंडाला ओलं फडकं बांधलेला. तिनं वर पाहिलं. मी रडतेय, म्हातारीच्या हातात कोरडं पीठ. ती काही बोलली नाही. उठली, फडकं सोडलं, ॲल्युमिनियमच्या पेल्यात पाणी घेतलं आणि टाचा उंच करून पेला खिडकीच्या गजांपर्यंत आणला.

पेला गजांपाशी थांबला. आजीही थांबली.

किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. माझ्या आठवणीत तो पेला अजून तिथंच आहे. त्याच्या बुडाला एक थेंब लोंबतोय, त्यात सगळा स्टँड उलटा दिसतोय, आणि त्या बाईच्या मनगटावरची हिरवी काचेची बांगडी घसरून कोपराकडे गेली आहे. मग आजीनं वाटी पुढे केली. बाईनं वरून धार धरली. आधी थोडी, आणि थांबली. जणू तिलाही ठाऊक होतं, पीठ घट्टच कालवायचं असतं. आजीच्या बोटांनी काम सुरू केलं. मग पुन्हा धार. ती कोण, कुठली, आजीनं विचारलं नाही. तिनंही दशमीकडे पाहिलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. पाण्याच्या बदल्यात की आणखी कशाच्या, कोण जाणे, आजीनं गुळाचा खडा फडक्यासकट खिडकीबाहेर टाकला तो तिच्या मांडीवर पडलेला मी मान वळवून पाहिला.

ते पाणी वेगळं लागलं. मातीचं, फडक्याचं, थोडं करवंदाच्या चिकाचं.

घरी पोहोचल्यावर आजीनं डोक्यावरून आंघोळ केली की नाही, मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. केली असेलही. माझ्या आजीला मी हवी तशी रंगवणार नाही.

महाड म्हणजे चवदार तळ्याचं गाव, हे मला शाळेच्या पुस्तकात पुढे भेटलं. २० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले, आणि त्यांच्यामागून हजारो माणसं. नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव आधीच केलेला होता. कागद भिजला होता, आतलं गाव कोरडंच होतं. त्या पाण्यासाठी माणसांनी मार खाल्ला. पुढे तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं गेलं. तेव्हा आजी सोळा वर्षांची, लग्न होऊन चिपळूणजवळच्या त्या घरात नुकतीच आलेली. तिच्या कानावर काय आलं असेल, कुणाच्या तोंडून, कुठल्या शब्दांत, ते विचारायला मला उशीर झाला. पुस्तकातल्या त्या पानावर मी बोट ठेवून बसले होते, तेवढं आठवतं. तळ्याच्या नावातच 'चव' आहे, आणि माझ्या जिभेवर महाडची एक चव होती. ती कुठल्या पाण्याची, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मला पाण्याची खोड लागली. पीठ एकच असतं, मीच भाजलेलं, त्याच कढईतलं. पण मराठवाड्यात बोअरचं जड पाणी त्याला थोडं खारवतं, गुळाला मागे ढकलतं. सावंतवाडीकडे जांभ्यातून आलेलं विहिरीचं पाणी त्यात असं विरघळतं, की वेलदोडा आधी बोलतो आणि गहू नंतर. स्टेशनवरच्या सीलबंद बाटलीतल्या पाण्यात मात्र पीठ एकटं पडतं. एकदा लेहला गेले होते. साडेतीन हजार मीटर उंचीवर पाण्याला उकळी लवकर फुटते, अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच, त्यामुळे पाणी खळखळतं पण पुरतं तापत नाही. तिथल्या घरमालकिणीनं माझी पुडी हातात घेऊन हुंगली, हसली, आणि आतून स्वतःचा डबा घेऊन आली. जवाचं भाजलेलं पीठ. म्हणजे खरा सातू! लोण्याच्या खारट चहात ती ते बोटांनी मळत होती, गोळा होईपर्यंत. खोलाक म्हणतात त्याला. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आम्ही चिमटीत पीठ घेऊन एकमेकींच्या तळहातावर ठेवत बसलो.

आणि जबलपूरच्या गाडीतली फजिती. तेव्हा मी नवा शेकर घेतला होता, आत तारेचा गोळा असलेला, हलवला की खळ्ळखट् वाजणारा. भुसावळ गेल्यावर चहावाल्याकडून कढत पाणी घेतलं, पीठ घातलं, झाकण दाबलं आणि मोठ्या ऐटीत हलवायला सुरुवात केली. कोंडलेल्या वाफेला जागा नाही मिळाली की ती झाकणच घेऊन जाते, हे कुठल्याही कुकरवालीला कळायला हवं. फट्! समोरच्या बाकावरचे काका, त्यांची पांढरी पँट, वरच्या बर्थची साखळी, सगळं सातूमय. मी शरमेनं रुमाल शोधते आहे, तोवर काकांनी बाहीवरचं बोटानं पुसलं, जिभेला लावलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सत्तू?" ते पाटण्याला निघाले होते. मग त्यांनी माझी कानउघाडणी केली: गरम पानी में कौन घोलता है, दीदी? त्यांच्या पिशवीतून चण्याचं सत्तू निघालं, कांदा निघाला, लिंबू, हिरवी मिरची, काळं मीठ. गार पाण्यात कालवून त्यांनी मला पेलाभर दिलं. एप्रिलच्या मध्यात त्यांच्याकडे सतुआन असतं, त्या दिवशी सत्तू आणि कैरी खायची, सत्तू दान द्यायचं. गोड पिठावर वाढलेल्या माझ्या जिभेला तो कांदा पहिल्यांदा बोचला. इटारसीपर्यंत मी दुसरा पेला मागितला होता.

त्या रात्री वरच्या बर्थवर पडल्यापडल्या मला ते मुंगूस आठवलं, महाभारताच्या शेवटाकडे, आश्वमेधिक पर्वात येणारं. अर्धं अंग सोन्याचं. युधिष्ठिराचा एवढा थोरला यज्ञ संपलाय आणि हे येऊन भर मंडपात सांगतं, की कुरुक्षेत्रातल्या त्या दरिद्री घरातल्या एका मापट्याभर सातूची ह्याला सर नाही. दुष्काळात वेचून आणलेले जव, त्याचं पीठ, चार माणसांचे चार वाटे. पाहुणा आला आणि एकेकानं आपापला वाटा पुढे केला. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं, आणि उरलेलं अर्धं घेऊन ते यज्ञायज्ञांतून हिंडतंय. लहानपणी मला ह्या गोष्टीत सोनं दिसायचं. आता ते उरलेलं अर्धं अंग दिसतं. राखाडी, केसाळ, हिंडून हिंडून मळलेलं, कुठंतरी जमिनीवर सांडलेलं पीठ सापडेल म्हणून मान खाली घालून चाललेलं.

प्रवासाच्या आदल्या रात्री मी ओट्यावर पुड्या भरते. जितक्या रात्री, तितक्या पुड्या, आणि एक वर. ही वरची का, असं मुलीनं एकदा विचारलं. गाडी चुकली तर, म्हटलं. ते खोटं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात चिपळूणला एक काम निघालं. थेट गाडी होती, आरक्षणही होतं, तरी मी महाडला उतरले. स्टँड बदललाय. करवंदं मात्र होती. द्रोण गेले, पारदर्शक डब्यांत भरलेली. कोपऱ्यावरच्या एका टपरीशी जाऊन मी शेकर काढला, पीठ घातलं, गूळ घातला, आणि म्हटलं, "दादा, थोडं पाणी मिळेल?"

त्यानं बाटली पुढे केली. "वीस रुपये."

"बाटली नको. तुम्ही पिता त्यातलं द्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग शेकरकडे. मागे ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ होता. ओगराळं बुडवून त्यानं धार धरली. "थांबा, आधी थोडंच," मी म्हटलं, आणि बोट आत घालून पीठ रगडायला लागले. तो ओगराळं तसंच हवेत धरून उभा राहिला. टपरीच्या पत्र्यावर ऊन वाजत होतं.

"कुठलं हो पाणी?"

"नळाचं," तो म्हणाला. "काय आहे ते?"

"सातूचं पीठ."

"आमची म्हातारी करायची." त्यानं उरलेलं पाणी ओतलं. मी झाकण लावलं, हलवलं, तारेचा गोळा खळ्ळखट् वाजला, आणि शेजारच्या बाकावरच्या पोरानं मोबाइलमधून मान वर काढली. मी पिणार, तेवढ्यात त्यानं चहाचा एक ग्लास विसळून माझ्यापुढे ठेवला. रिकामा.

मी अर्धं त्यात ओतलं.

एका दमात संपवून त्यानं मनगटानं मिशा पुसल्या, जिभेनं टाळूशी काहीतरी शोधलं, आणि म्हणाला, "गूळ कमी पडला, ताई."